डांग्या खोकला : लेकराच्या कोणत्या खोकल्याला थांबायचं अन् कोणत्याला लगेच दवाखाना गाठायचा

लेकराला खोकला लागला की घरातलं मोठं माणूस पहिले हेच म्हणते, “सर्दी हाय, जाईल दोन-चार दिवसात.” अन् बहुतेक वेळा ते खरंच निघते. लहान लेकरांचे बहुतेक खोकले व्हायरसचे असतात, आपोआप जातात, त्याच्यासाठी तालुक्याला चकरा मारायची गरज नसते. पण एक खोकला असा आहे की त्याची सुरुवात अगदी तशीच होते, नाक गळते, दोन-चार शिंका, अंग जरासं कोमट लागते नाही लागत, लेकरू खेळते-जेवते, अन् मंग आठ-दहा दिवस गेले की एखाद्या रात्री अशी उबळ येते की लेकरू खोकता खोकता लालबुंद होते, डोळ्यातून पाणी येते, जीभ बाहेर निघते, शेवटी उलटी होते अन् श्वास आत ओढताना ‘हूऽप’ असा लांब आवाज निघतो. हा डांग्या खोकला. हिंदी बोलणारे काली खांसी म्हणतात, डॉक्टरच्या कागदावर पर्टुसिस लिहिलेलं असते.

लसीमुळं हा आता पहिलेसारखा घरोघरी दिसत नाही, त्यामुळं बऱ्याच तरुण आईबापांनी तो पाहिलेलाच नाही. पण तो गेलेला नाही. अन् त्याची सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो वेळेच्या बाबतीत फसवतो. ज्या दिवसात तो सगळ्यात जास्त पसरतो अन् औषधाचा सगळ्यात जास्त फायदा होऊ शकतो, त्या दिवसात तो साधी सर्दी दिसतो. जेव्हा ओळखू येतो तेव्हा औषधानं खोकला लवकर थांबायची वेळ बहुतेक निघून गेलेली असते. अन् ज्या लेकराच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका आहे, म्हणजे दोन-तीन महिन्यांचं तान्हं बाळ, त्याच्यात तो ‘हूप’ आवाज बरेचदा येतच नाही. म्हणून खोकल्याच्या आवाजावरून आजार किती मोठा हे ठरवू नका, लेकराचं वय पहिले पाहा.

आता हे होते कसं ते पाहू, कारण हे समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप समजते. हा आजार बोर्डेटेला पर्टुसिस नावाच्या बॅक्टेरियामुळं होतो. १९०६ साली बेल्जियमच्या ज्यूल बोर्दे अन् ऑक्ताव झांगू या दोघांनी तो पहिल्यांदा वेगळा काढून दाखवला, बोर्देच्या नावावरूनच त्याचं नाव पडलं. खोकताना-शिंकताना जे बारीक थेंब उडतात त्यातून तो दुसऱ्याच्या नाकात-घशात जातो. आपल्या श्वासनळीला आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, उभ्या गव्हाचं वावर वाऱ्यानं एका दिशेला डोलते ना, तसे ते सारखे हलत असतात अन् कफ, धूळ, जंतू वर घशाकडे ढकलत राहतात. हा बॅक्टेरिया नेमका त्याच तंतूंना चिकटून बसतो अन् विष सोडतो. त्या विषानं ते तंतूवाले पेशी मरतात. मंग कफ वर ढकलणारं कोणी उरत नाही, तो चिकट होऊन तिथंच बसतो अन् शरीराकडे एकच उपाय राहते, जोर लावून खोकणं. बॅक्टेरिया मेला तरी ते तंतू नव्यानं यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स होऊनही खोकला महिना-दोन महिने राहतो, अन् घरचे म्हणतात डॉक्टर बदला, औषध लागू नाही पडलं. औषध लागू पडलेलं असते, नळी भरून यायची बाकी असते.

संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते दीड आठवडा लागतो, कधी तीन आठवडेही. मंग एक-दोन आठवडे सर्दीचे. मंग उबळीचे दिवस सुरू होतात, ते एखाद्या आठवड्यात आटोपू शकतात नाही तर सहा आठवडे अन् कधी दहा आठवड्यांपर्यंत ओढतात. उबळी रात्री जास्त येतात. त्यानंतर हळूहळू उतार, पण मधातच एखादी साधी सर्दी झाली की त्या उबळी पुन्हा उठतात, महिन्या-दोन महिन्यांनीसुद्धा. चिनी भाषेत याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात, अन् ते काही वाढवून सांगितलेलं नाही.

या उबळीच्या दिवसात एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. दोन उबळींच्या मधात लेकरू अगदी चांगलं दिसते. ताप नाही, खेळून राह्यलं, बिस्किट खाऊन राह्यलं. रात्रभर आईनं जे पाहिलं ते सकाळी ओपीडीत डॉक्टरला दिसतच नाही, छाती तपासली तर साफ निघते, अन् सर्दीचं औषध देऊन घरी पाठवलं जाते. यात दरवेळी डॉक्टरचीच चूक असते असं नाही, त्याच्यासमोर उबळ आलीच नाही तर तो काय पाहणार. म्हणून एक काम करा, उबळ आली की घरातल्या दुसऱ्या कोणाला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, आवाजासकट. डॉक्टरला तो दाखवा. कोणत्या तारखेला सर्दी सुरू झाली, उबळ कधीपासून, उलटी होते का, रंग बदलतो का, दिवसातून किती वेळा, हे कागदावर लिहून न्या, घाईत सगळं विसरून जाते. लसीकरणाचं कार्डही सोबत घ्या, ते घरी पेटीत ठेवून दवाखान्यात “सगळे डोस झाले” म्हणून सांगण्यात काही अर्थ नसतो.

तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं लिहायला पाहिजे. सहा महिन्यांच्या आतलं, त्यातही दोन-तीन महिन्यांचं बाळ. त्याच्यात जोर लावून खोकायची अन् मोठा श्वास ओढायची ताकदच नसते, म्हणून ‘हूप’ नाही. तुम्हाला दिसेल ते असं : बाळ दूध पिता पिता मधातच सोडते, तोंड वाकडं करते, जरासं खोकते किंवा नुसतं गुदमरल्यासारखं करते, चेहरा लाल होऊन मंग निळा पडतो, अन् काही सेकंद श्वासच घेत नाही. कधी कधी खोकला एकही नाही, फक्त श्वास थांबणं. आई म्हणते बाळ “थंडं पडलं होतं जरा वेळ, मंग आलं”. हे “जरा वेळ” हेच या आजाराचं सगळ्यात धोक्याचं लक्षण आहे. या वयात पुढे न्यूमोनिया होऊ शकतो, झटके येऊ शकतात, अन् काही बाळांच्या रक्तात पांढऱ्या पेशी इतक्या वाढतात की फुफ्फुसातला रक्तप्रवाहच अडतो. एक वर्षाच्या आतल्या ज्या बाळांना डांग्या खोकला होतो त्यातल्या साधारण तीनातल्या एकाला भरती करावं लागते असं अमेरिकेच्या आरोग्य खात्याचे आकडे सांगतात, अन् ती सगळ्या सोयी असलेल्या देशातली गोष्ट आहे.

म्हणून कधी जायचं ते स्पष्ट सांगतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे अन् त्याला उबळ येऊन खोकला आहे, किंवा घरात कोणाला दोन आठवड्यांपासून खोकला आहे अन् आता बाळाला सर्दी सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, सोमवारच्या बाजारापर्यंत थांबू नका. कोणत्याही वयाच्या लेकराचे ओठ निळे-काळे पडले, श्वास थांबला, झटका आला, अंग सैल पडलं, किंवा दूध-पाणी घेणंच बंद केलं तर ती वेळ विचारायची नाही, १०८ ला फोन करायची आहे. आपल्याकडची लेकरं सावळी असतात, त्यांच्या गालावर निळेपणा कळत नाही, ओठाच्या आतली बाजू, जीभ अन् नखं पाहा. गाडी यायला वेळ लागते असं सांगितलं तर गावातली जी गाडी मिळेल ती घेऊन निघा.

श्वास मोजायलाही शिकून ठेवा, आशाताईला विचाराल तर त्या दाखवतील. लेकरू शांत असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर तो जलद श्वास झाला, न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर मोजत बसायचीही गरज नाही, निघा.

मोठ्या लेकरात एवढी घाई नसते. तरी उबळ येऊन उलटी होते, ‘हूप’ आवाज येतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळलं, किंवा खोकला दोन आठवडे झाले तरी हटत नाही, तर दाखवाच. दोन आठवड्यांचा खोकला म्हटलं की टीबीचीही तपासणी डॉक्टर सांगू शकतात, त्यात लाजायचं काही नाही. अन् एक वेगळी गोष्ट, चांगलं खेळणारं लेकरू अचानकच, एका क्षणात ठसका लागून खोकायला लागलं, तर ते डांग्या नसून शेंगदाणा, चणा, सीताफळाची बी असं काही नळीत अडकलेलं असू शकते, ती पण इमर्जन्सीच.

बाळानं श्वास थांबवला तर गाडी येईपर्यंत काय? घाबरून गदागदा हलवू नका, तोंडात बोट घालून कफ काढायला जाऊ नका, त्यानं अजून अडकते. कुशीवर घ्या, पाठ चोळा, तळपायाला टिचकी मारा. बरीच बाळं एवढ्यानं पुन्हा श्वास घेतात. नाहीच घेतला तर आपलं तोंड बाळाच्या नाका-तोंडावर दोन्हीवर ठेवून हलकेच फुंक द्यायची, छाती जराशी वर उठेल एवढीच. हे कसं करायचं ते फोनवर १०८ वाल्यांना विचारत विचारत करा. अन् बाळ परत आलं, रडलं, दूध प्यायलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण पुढची उबळ येणार आहे.

न्यायचं कुठं? प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर पहिले तिथं, ऑक्सिजन लावून पुढं पाठवता येते. पण श्वास थांबणाऱ्या बाळाला लहान मुलांचा डॉक्टर अन् रात्रंदिवस लक्ष ठेवणारी जागा पाहिजे, म्हणजे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, नाही तर मेडिकल कॉलेज. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाला सरकारी मेडिकल आहे, वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटल आहे, मेळघाटातल्या लोकांना पहिले धारणीचं उपजिल्हा रुग्णालय पडते. तिथं रेफर केलं तर “तिकडं कोण पाहणार” म्हणून घरी परत आणू नका, ही कळकळीची विनंती आहे.

आता नको असलेल्या गोष्टी. मेडिकलमधून खोकल्याचं सिरप आणून पाजायचं नाही, या खोकल्यावर त्याचा फायदा होत नाही अन् लहान लेकराला त्यातली झोपेची औषधं धोक्याची असतात. मध चाटवणं आपल्याकडे जन्मल्यापासून चालू असते, पण एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यानं बोटुलिझम नावाचा लकव्यासारखा आजार होऊ शकतो. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक अर्धं झाकण पाजणं, गावात येणाऱ्या कोणाकडून दोन इंजेक्शनं मारून घेणं, हे सगळं दिवस घालवते. अन् मेळघाटाकडे लेकराचं पोट फुगलं, दम लागला की गरम विळ्याचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. देणारे आईबाप वाईट नसतात, लेकराचा जीव वाचावा म्हणूनच करतात, पण त्या चटक्यानं श्वासनळीतलं काहीच हलत नाही, वरून जखम होते, ती पिकते, अन् मोलाचा दिवस हातचा जातो. भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, जायचं असेल तरी दवाखान्यात जाऊन मंग जा, एवढं तरी ऐका.

घरी करण्यासारखं खरं काम साधं आहे. चुलीच्या धुरापासून, बिडीच्या धुरापासून लेकराला दूर ठेवा, धूर लागला की उबळ येते. अंगावरचं दूध चालू ठेवा, थोडं थोडं अन् वारंवार. उलटी झाली तर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाजा, खाऊ घाला, नाही तर या लांबणाऱ्या आजारात लेकराचं वजन घसरते.

दवाखान्यात सुरुवातीच्या दिवसात गेलं तर नाकाच्या मागच्या भागातून स्वॅब घेऊन पीसीआर किंवा कल्चर, म्हणजे बॅक्टेरिया शोधायची लॅबची तपासणी, करता येते, तीन-चार आठवडे उलटून गेले की त्यात बॅक्टेरिया सापडायची शक्यता कमी होत जाते. रक्तातल्या पेशी मोजायच्या सीबीसी तपासणीत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या दिसल्या तर डॉक्टरला इशारा मिळतो. पण रिपोर्टची वाट पाहत औषध थांबवत नाहीत, शंका पक्की असली की अँटिबायोटिक सुरू करतात, बहुतेक अझिथ्रोमायसिन पाच दिवस. पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिलं तर आजार सौम्य होऊ शकतो, उशिरा दिलं तर खोकल्यात फारसा फरक पडत नाही, तरीही देतात, कारण पाच दिवसांच्या औषधानंतर ते लेकरू दुसऱ्याला आजार देत नाही. म्हणून ते पाच दिवस अंगणवाडी-शाळा बंद. औषध घेतलंच नाही तर खोकला सुरू झाल्यापासून तीन आठवडे दुसऱ्यांपासून दूर.

अन् हे औषध फक्त त्या लेकराला पुरत नाही. घरात ज्यांनी लस घेतली नाही किंवा घेऊन लय वर्षं झाली अशा माणसांपैकी दहातल्या आठ-नऊ जणांना हा लागू शकतो, एवढा तो पसरणारा आहे. मोठ्या माणसात तो नुसता हट्टी खोकला म्हणून राहते, कामाला जाणं थांबत नाही, कापूस वेचणं थांबत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. तान्ह्या बाळाला आजार बहुतेक अशाच घरच्या माणसाकडून मिळतो, आई, मोठं भावंड, आजी. म्हणून डॉक्टर घरच्यांनाही गोळ्या देतात, “मला तर काही झालं नाही” म्हणून त्या फेकू नका. बारशाला, नाव ठेवायला आलेल्या खोकणाऱ्या पाहुण्याला बाळ मांडीवर द्यायचं नाही. आत्याबाई रागावतील तर रागावू द्या, त्यांना नंतर समजावता येते.

लसीचं आता. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी पेंटाव्हॅलेंट दीड, अडीच अन् साडेतीन महिन्याला देतात, डांग्या खोकल्याची लस त्यातच असते, सोबत घटसर्प, धनुर्वात, कावीळ ब अन् हिब (न्यूमोनिया अन् मेंदूज्वर आणणारा एक बॅक्टेरिया). मंग १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, अन् पाच-सहा वर्षांना दुसरा. ही लस मुळात तयार कशी झाली ते मला फार आवडते. १९३२ च्या आसपास अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात पर्ल केंड्रिक अन् ग्रेस एल्डरिंग या दोन बाया दिवसभराची लॅबची नोकरी संपवून संध्याकाळी गरीब घरांमध्ये जायच्या, खोकणाऱ्या लेकराच्या तोंडासमोर काचेची प्लेट धरायच्या, त्यावर पडलेल्या थेंबातून बॅक्टेरिया वाढवायच्या, अन् त्यातूनच त्यांनी उपयोगी पडणारी लस बनवून तपासून दाखवली. मंदीचे दिवस, पैसे नाहीत, तरी.

या लसीनं ताप येतो हे खरं आहे. एक-दोन दिवस ताप, मांडीवर सूज, लेकरू किरकिर करते, सिस्टर पॅरासिटामॉल देतात ते वजनाप्रमाणं द्या. अन् बरेच जण इथंच पुढचा डोस सोडतात, वावरात कामाचे दिवस, लेकरू रडलं तर मजुरी बुडते, ही अडचण खोटी नाही. पण लस थांबली की काय होते ते जपाननं पाहिलेलं आहे. लसीनंतर दोन बाळं दगावल्याच्या बातमीनं १९७५ मध्ये तिथं लसीकरण कोसळलं. १९७४ मध्ये डांग्या खोकल्याच्या ३९३ केसेस होत्या, मृत्यू एकही नव्हता. १९७९ मध्ये १३ हजारांवर केसेस झाल्या अन् ४१ जण गेले. साधी सर्दी असेल तरी डोस देता येतो, पुढं ढकलू नका. मागच्या डोसनंतर झटका आला, बेशुद्धी आली किंवा अंगावर जोराची ॲलर्जी उठली असेल तर मात्र सिस्टरला अन् डॉक्टरला आधी सांगा.

दीड महिन्याच्या आधी बाळाला ही लसच नसते, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या दिवसात ते उघडंच. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात जे टीडीचं (धनुर्वात अन् घटसर्पाचं) इंजेक्शन देतात त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो. टीडॅप नावाची लस असते, गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत घेतली तर आईकडून बाळाला जन्माआधीच संरक्षण मिळते, पण ती खाजगीत विकत घ्यावी लागते. परवडत असेल तर डॉक्टरला विचारा. नसेल परवडत तर घरातल्या मोठ्या भावंडांचे डोस अन् बूस्टर पूर्ण ठेवा, आजार घरात आणणारे बरेचदा तेच असतात.

आपल्याकडे डोस चुकतो तो बहुतेक माहेर अन् सासरच्या मधात. बाळंतपण माहेरी, दीड महिन्याचा डोस तिथं, मंग सासरी आल्यावर अडीचचा कोणाच्याच यादीत नाही, इकडच्या आशाताईला वाटते तिकडं झाला, तिकडच्यांना वाटते इकडं होईल. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात, मध्य प्रदेशात जाणाऱ्यांचंही हेच. डोस कोणत्याही सरकारी केंद्रावर मिळतो, कार्ड सोबत ठेवा, हरवलं तरी जा. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, जिथं थांबला तिथून पुढं, निदान चार आठवड्यांच्या अंतरानं. एकही डोस न होता वर्ष उलटलं असेल तर पेंटाव्हॅलेंटऐवजी डीपीटी देतात, ती सात वर्षांपर्यंत देता येते. अन् लेकराला डांग्या खोकला होऊन गेला असेल तरी राहिलेले डोस घ्यायचेच, कारण एकदा झाला म्हणजे आयुष्यभर होणार नाही असं या आजारात नसते.